न्हाणीतला पावणा

आमच्या घरात नवा मासा आला की त्याचा मुक्काम आधी न्हाणीत असायचा. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या काचेच्या टाकीत त्याला लगेच सोडायचं नाही, हा तात्यांचा कायदा होता. तात्या म्हणजे माझे वडील. न्हाणीत दोन निळे प्लॅस्टिकचे टब असायचे आणि त्यांतल्या एकात हा नवा मासा महिना-दीड महिना एकटा काढायचा. तात्या त्याला 'पावणा' म्हणायचे. पावणा आजारी आहे की धडधाकट, ते तेवढ्या दिवसांत कळायचं आणि मगच त्याला घरच्यांत घ्यायचं. मधे करोनात सगळ्या गावाला विलगीकरण हा शब्द पाठ झाला. टीव्हीवर रोज कुणीतरी तो समजावून सांगायचं. माझा नातू तेव्हा मला विचारायचा, आजी, तुला भीती वाटते का. मला भीती वाटत नव्हती, कंटाळा आला होता. हे सगळं एकदा करून झालं होतं माझं. वयाच्या अठराव्या वर्षी जी दमले ती दमलेच, असं मला अजून वाटतं.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-वेंगुर्ला ही त्यांची गाडी. आज जायचं, तिथं मुक्काम करायचा, उद्या परत यायचं. बाकीचे ड्रायव्हर येताना आमसुलं, काजू, सुकी मासळी आणायचे, तात्या समुद्राचं पाणी आणायचे. गोडेतेलाचे रिकामे कॅन घासूनपुसून, घट्ट झाकणं लावून, वर ओलं पोतं टाकून गाडीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेले असायचे. एखादा प्रवासी संशयानं विचारायचा, ड्रायव्हरसाहेब, रॉकेल न्हेताय काय, तर तात्या खरंच गाडी थांबवून झाकण उघडायचे आणि त्याला वास द्यायचे. मासेही तिकडचेच. जाळ्यात खायच्या मासळीबरोबर काही रंगीत, काटेरी, कुणी न खाणारे मासे यायचे, ते तिथली माणसं वाळूवर टाकून द्यायची. तात्यांनी एकदा त्यातला एक तडफडणारा मासा उचलून जेवणाच्या डब्यात घातला आणि गाडीबरोबर वर घाटावर आणला. तिथून पुढं आमच्या घराचं जे व्हायचं ते झालं.

आम्ही कळंब्याला राहायचो, तलावाच्या अलीकडं. एकामागं एक तीन खोल्या आणि शेवटी न्हाणी. जवळच्याच तुरुंगात तासाचे ठोके पडायचे ते घरात ऐकू यायचे, त्या वेळेवर आई भाकरी थापायची. बाहेरच्या खोलीत शाहूपुरीतल्या काचवाल्याकडून करून घेतलेली टाकी. तिच्या लोखंडी चौकटीला मिठानं असा गंज चढायचा की दर वर्षी खरवडून रंग मारावा लागायचा. तिच्यात दहा-बारा लहान मासे, काही शिंपल्या आणि एक म्हातारा खेकडा. हवेचा पंप दिवसरात्र गुरगुरायचा. आईला या सगळ्याचा राग होता आणि तो ती लपवायची नाही. फरशीवर पांढरे डाग, कपड्यांना खारट वास, न्हाणीत टबांच्या मधे अंग चोरून आंघोळ. पण तिचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. स्वयंपाकघर आणि टाकी यांच्यामधे एकच दार, तेही सताड उघडं. फोडणी दिली की तेलाचा धूर बाहेर यायचा, पाण्यावर त्याची साय धरायची आणि मासे वर येऊन आ करायचे. म्हणून तात्यांनी सांगून ठेवलेलं की फोडणीच्या आधी हाक मारायची, म्हणजे कुणीतरी ओला पंचा टाकीवर झाकील. आई म्हणायची, माझ्याच घरात मला फोडणीची चोरी झालीया. म्हणायची आणि हाक मारायची. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, "टाकी झाका" हे मी ऐकलेलं आहे. शेजारच्या बायका तिला त्यावरून चिडवायच्या.

समुद्राच्या माशाला एक रोग होतो. अंगावर रवा चिकटल्यासारखे पांढरे ठिपके येतात. मासा दगडाला अंग घासत फिरतो, खाणं सोडतो, कल्ले भराभर हलवतो आणि एक दिवस तळाला आडवा होतो. एकाला झाला की सगळ्यांना होतो. तात्यांची पहिली टाकी अशीच आठवड्यात रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी कुणाच्या तरी शेतातून फवारणीचा मोरचूद आणून चिमूटभर टाकला. ठिपके गेले, पण शिंपल्या, खेकडी, सगळं मेलं. शेवटी वेंगुर्ल्याकडच्या एका शाळामास्तरांनी त्यांना समजावलं की हे ठिपके म्हणजे जीव आहेत. ते माशावर फुगतात, मग गळून तळाला चिकटतात, तिथं फुटतात आणि त्यातून नवे निघून परत माशावर चढतात. ते तळाला चिकटलेले असतानाच मासा उचलायचा आणि दुसऱ्या टबात, कोऱ्या समुद्राच्या पाण्यात टाकायचा. पहिला टब ओतून द्यायचा, घासायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा. दर दोन-तीन दिवसांनी हेच, ठिपके जाऊन वर काही दिवस होईपर्यंत. एक खेप चुकली की सगळं पहिल्यापासून. औषध म्हणाल तर एवढंच, कोरं पाणी आणि कोरडा टब. त्यासाठी न्हाणीबाहेरच्या वळचणीला एक मोठं निळं पिंप समुद्राच्या पाण्यानं कायम भरलेलं असायचं.

तात्यांनी आणलेला शेवटचा पावणा मी कधी विसरणार नाही. पंजाएवढा, तपकिरी अंगाचा, त्यावर निळ्या वाकड्या रेघा, कल्ल्याच्या वर एक निळं कडं आणि पांढरी शेपटी. असा मासा त्यांना इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. कॅनमधून टबात सोडताना त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं आनंदानं. पिंपही त्याच खेपेला काठोकाठ भरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दोन दिवसांनी आईनं त्यांचे डोळे उजेडात धरून बघितले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कावीळ म्हणून आधी झाडपाला झाला, मग गळ्यात माळ झाली, मग दवाखाना. पोटात पाणी भरत होतं. कोणी भेटायला आलं की हळूच विचारायचं, पीत होता काय. आयुष्यात थेंबाला शिवला नाही माझा बाप. आई सगळ्यांना तेच परत परत सांगायची आणि सांगून सांगून तिचा आवाज बसला होता.

दवाखान्यात त्यांचं मीठ बंद केलं. पोटात पाणी धरतं म्हणून चिमूटभरही नाही, फोडणी नाही, तिखट नाही. आई घरी येऊन मुगाच्या डाळीचं अळणी पाणी करून न्यायची आणि ते दोन घोट घेऊन तोंड फिरवायचे. आता बीपीमुळं माझंही मीठ तोडलंय. सून मायेनं करते, तरी पहिल्या घासाला रोज तात्यांचं ते तोंड फिरवणं आठवतं. त्यांच्या आजारपणातच पावण्याच्या शेपटीवर पहिले ठिपके दिसले. मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच सगळी पद्धत माझ्याकडून म्हणवून घेतली, शाळेतल्या कवितेसारखी. टब कसा वाळवायचा, मासा जाळीनं नाही तर भांड्यानं कसा उचलायचा, जुन्या पाण्याचा थेंब नव्यात जाऊ द्यायचा नाही. पिंपातलं पाणी किती खेपांना पुरेल याचाही अंदाज त्यांनी सांगितला, नीट वापरलं तर शेवटपर्यंत पुरेल असा. मग हसले. म्हणाले, "समुद्र घरात भरून ठेवलाय आन् मला मीठ न्हाय. शाले, पावण्याला तेवढं मिठाचं कमी पडू देऊ नको."

त्यानंतर आठवडाभरात तात्या गेले.

आई किती दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपली होती कोण जाणे. तिला घरी आणल्यावर बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ती त्यांच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिच्यात रडायचं त्राणच राहिलं नव्हतं. तिला आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलं आणि घराचा ताबा तात्यांच्या थोरल्या बहिणीनं घेतला. ती चंदगडकडची, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. सुतकाचं सगळं तिला पाठ होतं. चूल पेटवायची नाही, पहिले काही दिवस शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी भाकरी-पिठलं आणून घालायचं, नंतरही फोडणी द्यायची नाही, देवाला हात लावायचा नाही, आम्हाला कुणी शिवायचं नाही, आम्ही कुणाकडं जायचं नाही. माणसं दारातून आत यायची, सतरंजीवर टेकायची, तात्यांनी त्यांच्या कधीच्या प्रवासात गाडी कशी थांबवली ते सांगायची आणि चहाही न घेता उठून जायची. पुढच्या खोलीत टाकीचा पंप गुरगुरत असायचा आणि माणसं बोलताना थांबून माशांकडं बघत बसायची. मागं न्हाणीत पावणा एकटा होता. मी त्याला दर दोन-तीन दिवसांनी एका टबातून दुसऱ्यात घालत होते. पाणी ओता, टब घासा, उन्हात टाका, परत पाणी. हात सोलवटले होते. खरं सांगते, त्या दिवसांत मला मासा जगावा असं काही वाटत नव्हतं. सांगितलेलं काम होतं म्हणून करत होते. पण ठिपके कमी होत होते, आणि तेवढी एकच गोष्ट घरात बरी चालली होती.

अक्काला हे सगळं खुळ्याचं वाटायचं. पण ती वाईट नव्हती. एकदा दुपारी वीज गेली, टबातला हवेचा पंपही बंद पडला. हवा मिळावी म्हणून अशा वेळी प्लॅस्टिकच्या मगानं पाणी वर घ्यायचं आणि उंचावरून धार सोडायची, हे मी करत बसले होते. तास गेला असेल. अक्कानं माझ्या हातातून मग काढून घेतला, पाटावर बसली आणि वीज येईपर्यंत पाणी वर-खाली करत राहिली. मधेच म्हणाली, ह्यो माझ्या भावाच्या हातचा हाय व्हय, आणि धार आणखी उंचावरून सोडू लागली.

सुतक फिटायच्या दिवशी सकाळी घर नुसतं गजबजलं होतं. भावकीतल्या बायका आल्या होत्या, अंगण सारवणं चाललं होतं, गोमूत्र शिंपडणं चाललं होतं. मला जेवणाच्या पिठासाठी गिरणीत पाठवलं. गिरणीत गर्दी, वीज कमी-जास्त, मला उशीर झाला. डोक्यावर डबा घेऊन मागच्या बोळातून आले तर गटार भरून वाहत होतं आणि ओल्या मातीला तो ओळखीचा वास येत होता. न्हाणीबाहेर आमचे हंडे, कळश्या, बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी निळं पिंप आडवं. दोघी बायका ते आतून राखेनं घासत होत्या.

सुतकातलं साठवणीचं पाणी घरात ठेवत नाहीत. फिटायच्या दिवशी सगळं ओतून देतात आणि नवं भरतात. मला हे माहीत होतं, आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. पण पिंपातलं पाणी या 'सगळं'मधे येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ते पाणी नव्हतंच, ते तात्यांचं औषध होतं. अक्काच्या लेखी ते दहा-बारा दिवस सुतकात तुंबलेलं पाणी होतं, तेही वास मारणारं. मासा ज्या टबात होता त्याला तिनं हात लावला नव्हता, जीव हाय म्हणून.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पिठाचा डबा तिथंच आपटला, आणि थोरल्यांना बोलू नये ते सगळं अक्काला बोलले. तात्यांनी आणलेलं शेवटचं पाणी तू गटारात ओतलंस, आता आणणारं कोण आहे, असं काहीतरी. बायका घासायच्या थांबल्या. अक्का आधी फणकारली, मग तिचं तोंड एकदम लहान झालं. ती आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली, खडे मिठाची, काठोकाठ. "मिठाचंच पाणी पायजे न्हवं? घाल की ह्यातलं. लागंल तेवढं घाल." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती बरणी पुढं धरून उभी होती. स्वयंपाकाच्या मिठानं समुद्र होत नाही, मासा त्यात जगत नाही, हे तिला कसं सांगायचं. मी तिथंच खाली बसले. आदल्या दिवशीच पावण्याच्या परांवर उरलेले ठिपके गळले होते. त्याला दुसऱ्या दिवशी, फार तर परवा हलवायला हवं होतं, नाहीतर तळातले सगळे त्याच्यावर चढणार होते आणि तो एवढी मोठी खेप परत सोसणार नव्हता.

तेव्हा आई आतून आली. इतके दिवस तिला कुणी धरून उठवल्याशिवाय ती उठली नव्हती. तिनं पालथ्या भांड्यांकडं बघितलं, मग न्हाणीत जाऊन टबाशी वाकली. बराच वेळ वाकून होती. बाहेर येऊन मला विचारलं, वेंगुर्ल्याची गाडी किती वाजता सुटते. बायकोला नवऱ्याच्या गाडीची वेळ माहीत नसेल असं नाही. तिला बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची होती.

मग जे व्हायचं ते झालं. भावकी गोळा झाली. महिना व्हायच्या आत अशी बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि ही एसटीनं कोकणात निघाली, तेही माशासाठी. लोक तोंडात शेण घालतील. एका चुलत्यानं तर हिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सरळ सांगितलं. आई ऐकून घेत होती. तिच्याकडं वाद घालायलाही ताकद नव्हती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती फक्त अक्काकडं वळली.

"वन्सं, ह्या घरातला एक तरी जीव औषधपाण्यानं बरा झालेला बघू द्या मला. मग तुमी म्हणशीला तेवढं कोपऱ्यात बसतो."

 अक्कानं पदरानं नाक पुसलं आणि चुलत्याला म्हणाली की जेवायला बसा, पानं वाढल्यात. दुपारी तिनं स्वतः आमच्या भाकरी बांधल्या. कॅन कुठं असतात ते तिनंच शोधून काढलं. निघताना मला म्हणाली, "वीज गेली तर म्या बसतो पाण्यापाशी. जावा तुमी."

स्टँडवर शिवाप्पाकाका होते. तात्यांबरोबर इतकी वर्षं कंडक्टर म्हणून राहिलेले. आईला बघून त्यांनी टोपी काढली, कॅन बघून काही विचारलं नाही. आम्हाला पुढची जागा दिली, ड्रायव्हरच्या पाठीमागची. चाकावर कुणी नवा पोरगेला ड्रायव्हर होता. मला वाटलं आई आता रडेल. गाडी सुटली आणि ती कागलच्या आधीच झोपली. खिडकीच्या दांडीला डोकं आपटत होतं तरी उठली नाही. आजरा गेलं, आंबोलीचा घाट गेला, शिवाप्पाकाकांनी हळूच येऊन तिच्या डोक्याखाली आपला टॉवेल घडी करून ठेवला. मी तिच्या शेजारी बसून होते. अठरा वर्षांची मुलगी, सगळ्या गाडीत मीच एकटी म्हातारी आहे असं मला वाटत होतं.

रात्री शिवाप्पाकाकांच्या ओळखीच्या घरी पाठ टेकली आणि उजाडल्यावर त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. खाडीच्या तोंडापासून लांब, खडकांच्या आडोशाला, भरती चढत असताना. तात्या हितनंच भरायचे, ते म्हणाले. हितलं पाणी निवळ असतंय म्हणायचे. शिवाप्पाकाका कॅन घ्यायला पुढं झाले, पण आईनं त्यांना थांबवलं. तिनं पातळ खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन एकेक कॅन स्वतः बुडवला. माझ्या आईनं त्याआधी समुद्र बघितलेला नव्हता. वीस वर्षं तो तिच्या न्हाणीत होता आणि तिनं त्याचे डाग पुसले होते. शेवटचा कॅन भरल्यावर तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. मग ओंजळ सोडून देत म्हणाली, "एवढं मीठ पडलंय हितं. आन् त्यास्नी चिमूटभर दिलं न्हाईत."

 लाटेनं तिचं पातळ मांड्यांपर्यंत भिजलं होतं, ती तशीच उभी राहिली. मग आम्ही तिघांनी कॅन उचलून स्टँडवर आणले. परतीच्या गाडीत एका प्रवाशानं विचारलंच, बाई, कॅनात काय हाय. आईनं झाकण उघडून त्याला वास दिला.

घरी आलो तर अक्का न्हाणीच्या दारात पाटावर बसलेली. वीज गेली नव्हती, तरी बसली होती. दुसरा टब तिनं उन्हात वाळवून, फडक्यानं पुसून तयार ठेवला होता. आईनं पाणी ओतलं, मी भांड्यानं पावण्याला उचललं, अक्कानं जुना टब ओढत बाहेर नेला. त्यानंतरच्या सगळ्या खेपा आम्ही अशाच केल्या. दर आठवड्याला शिवाप्पाकाका भरलेले कॅन आणून पोचवू लागले, आईला परत जावं लागलं नाही. अक्का पंधरा दिवसांनी गावाकडं गेली. जाताना पावण्याला सांगून गेली, माणसाला सांगतात तसं.

आई कबूल केल्याप्रमाणं कोपऱ्यात बसली, पण रोज संध्याकाळी मला एक प्रश्न विचारायची, ठिपकं. मी नाही म्हणायची. ती मान हलवायची. सुतक फिटून महिना होऊन गेला तरी आमच्या घरात फोडणी पडली नव्हती. कालवण अळणी नव्हतं, पण उकडल्यासारखं, ना लसूण ना मोहरी. कुणी विचारलं तर आई म्हणायची, तेल संपलंय. तेल संपलेलं नव्हतं, बरणी माझ्या डोळ्यांसमोर फळीवर होती.  माझीही भूक गेलेली होती आणि उकडलेलं गिळायला सोपं जायचं.

ठिपके गेले ते परत आले नाहीत. तरी तात्यांच्या कायद्यात बसावं म्हणून मी वर बरेच दिवस थांबले. मग एका दुपारी पावण्याला पातेल्यात घेऊन तिन्ही खोल्या ओलांडून पुढं आणलं. आई मागोमाग आली आणि दाराला धरून उभी राहिली. मी पातेलं पाण्यात वाकडं केलं. तो आधी कोपऱ्यात जाऊन चिकटला, तिथल्या जुन्या माशांनी येऊन त्याला निरखलं. मग हळूहळू बाहेर येऊन त्यानं टाकीला एक फेरी मारली. काचेतून येणाऱ्या उन्हात त्याच्या निळ्या रेघा दिसल्या, एकही पांढरा कण नाही. भिजवलेली सुकट टाकली तर त्यानं पहिल्या झटक्यात उचलली. मी आईकडं वळून म्हणाले, झाला बरा. तिनं काचेजवळ येऊन खात्री करून घेतली, सगळ्या बाजूंनी, डोळे बारीक करून. पदर खोचून आत गेली.

मी टाकीपुढं जमिनीवर तशीच बसून राहिले. उठायचं जिवावर आलं होतं. पंप गुरगुरत होता. आत फळीवरून बरणी काढल्याचा आवाज आला, मग लसूण ठेचल्याचा. मग बऱ्याच दिवसांत न ऐकलेला, बसलेला, थकलेला आवाज आतून आला.

"शाले, टाकी झाक गं. फोडणी देतो."